एक पाहुणा मोफत

"कांबळे, ह्ये काय हाय?"

दादासाहेबांनी क्रेडिट कार्डाचं महिन्याचं बिल माझ्यापुढे टेबलावर आपटलं. मी वाचलं. एकाच तारखेच्या, एकाच रकमेच्या सात ओळी एकाखाली एक छापल्या होत्या. आधी डॉलर, त्यापुढे रुपये.

"लाउंजचे पैसे आहेत, साहेब."

"लाउंज फुकट हाय म्हणून तर ह्ये परदेशी कार्ड घेतलं की! तुमीच निवडलासा न्हवं?"

कार्ड मीच निवडलं होतं. केबिनमध्ये दादासाहेबांचे मेहुणे विलासराव बसले होते. ते खिडकीतून बाहेर बघायला लागले. बाहेर शिरोली एमआयडीसीतला रस्ता आणि भंगाराचा एक ट्रक, याशिवाय बघण्यासारखं काहीच नव्हतं.

हा प्रसंग दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतला. दादासाहेब फौंड्रीचे मालक. फौंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. आमच्याकडे पंपांचे आणि व्हॉल्व्हचे भाग व्हायचे आणि त्यातले काही परदेशी जायचे. मी तिथं एक्स्पोर्टचं काम बघायचो. परदेशी गिऱ्हाइकांना पत्रं, बँकेचे कागद, जहाजाचं बुकिंग, कस्टमची कटकट, सगळं माझ्याकडे. दादासाहेबांना इंग्रजी येत नव्हतं असं नाही. पण बोलताना त्यांना घाम फुटायचा, म्हणून फोन माझ्या हातात द्यायचे.

कार्डाचं खूळ डोक्यात घातलं उद्यमनगरातल्या एका मालकानं. तो सिंगापूरला जाऊन आला आणि क्लबात सांगत सुटला की विमानतळावर आपल्याला वेगळ्या खोलीत बसवतात, गाद्या असतात, हवं तेवढं खा, हवं तेवढं प्या, कुणी पैसे मागत नाही, नुसतं कार्ड दाखवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी दादासाहेबांनी मला बोलावलं.

"आपल्याकडं का न्हाय ते?"

आता कोल्हापुरात क्रेडिट कार्डाला तेव्हा फारसा मान नव्हता. उधारीचं कार्ड म्हणायचे. खिशातून नोटांची गड्डी काढून मोजून दिली की माणूस मोठा. हॉटेलात तांबडा-पांढरा ओरपून झाला की बिल कुणी द्यायचं यावरून चार धडधाकट माणसं एकमेकांचे हात पिरगाळायची, आणि दादासाहेब त्यात नेहमी जिंकायचे. जो जिंकला त्यानं पैसे द्यायचे, हा आमच्याकडचा न्याय. अशा माणसाला आता बँकेची उधारी हवी होती, कारण तिच्याबरोबर गादी मिळत होती.

मी कामाला लागलो. मला हे काम आवडलं, हे कबूल करतो. मुंबईला फोन केले, माहितीपत्रकं मागवली, कॉम्प्युटरवर तक्ता केला. शेवटी तीन परदेशी बँकांची कार्डं उरली.

वाचकांना थोडं समजावून सांगतो. अशा कार्डावर खर्च केला की बँक पॉइंट देते. पुरेसे पॉइंट साठले की त्यांच्या बदल्यात विमानाचं तिकीट मिळतं. ऐकायला सोपं वाटतं, पण मेख बारीक अक्षरात असते. पहिल्या बँकेचे पॉइंट भराभर साठायचे, पण मुदत संपली की मरायचे. दुसरी बँक एकाच विमान कंपनीशी बांधलेली. ती कंपनी आम्हाला लागणाऱ्या गावाला जातच नव्हती. तिसरीचे पॉइंट हळू साठायचे, पण मरत नव्हते. शिवाय तिच्यात दोन सवलती होत्या. वर्षातून एकदा एका तिकिटावर सोबत्याचं तिकीट, फक्त कर भरून. आणि लाउंज. परदेशात डॉलरमध्ये खर्च केला तर ही बँक वर थोडा जादा आकार लावायची. तोही मी तक्त्यात लिहिला होता.

यातली एकही बँक कोल्हापुरात नव्हती. "तुमचा पिनकोड आमच्या यादीत बसत नाही," असं मुंबईची मुलगी मला फोनवर गोड आवाजात सांगायची. उसाचा, दुधाचा, लोखंडाचा पैसा असलेलं गाव, पण यादीत बसत नव्हतं. शेवटी दादासाहेबांच्या जावयाच्या पुण्यातल्या पत्त्यावर अर्ज केला.

तक्ता घेऊन मी केबिनमध्ये गेलो. पॉइंट, मुदत, आकार, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"लाउंजात माणसं किती जात्यात?"

"कार्डवाला आणि त्याच्याबरोबर एक गेस्ट. एक पाहुणा मोफत. पुढच्या प्रत्येक माणसाला पैसे पडतात, डॉलरमध्ये."

"एकच?" त्यांनी तोंड वाकडं केलं. "आणि बाकीची मंडळी काय भायेर ताटकळत बसणार?"

"तिन्ही बँकांचं तसंच आहे, साहेब."

त्यांनी जरा विचार केला. मग माझ्याकडे बघून हसले. हसले की दादासाहेब फार चांगले दिसायचे.

"मग ते एक माणूस म्हंजे तुमीच. जर्मनीला तुमी संगट पायजेच. सोबतीचं तिकीट बी तुमचं आन् लाउंज बी तुमचं. झालं?"

पुढच्या वर्षी जर्मनीत मशिनरीचं मोठं प्रदर्शन होतं. तिथलं एक गिऱ्हाईक दीड वर्ष माझ्याशी पत्रव्यवहार करत होतं. मी जाणं कामाच्या दृष्टीनं सरळच होतं. तरीही मला आनंद झाला. माझ्या घराण्यात पासपोर्ट काढलेला मी पहिला माणूस. बायकोला सांगितलं, आणि रविवारी शिरोळकडच्या आमच्या गावी जाऊन आईबाबांना सांगितलं.

बाबांनी जर्मनीबद्दल काही विचारलं नाही. लाउंज म्हणजे काय ते मात्र दोनदा समजावून घेतलं.

"म्हंजे मालक जितं जेवणार, तितंच तू?"

"हो. शेजारी."

"यकाच टेबलावर?"

"हो बाबा."

 मग बाबांनी त्यांच्या लहानपणची गोष्ट सांगितली, जी मी आधी तुकड्यातुकड्यानं ऐकली होती. गावात मोठ्या घरी लग्न असलं की आमची माणसं घरून आपापली ताटं घेऊन जायची आणि मागच्या भिंतीला टेकून बसायची. आत पंगतीवर पंगती उठायच्या. शेवटची उठली की मग भिंतीकडे कुणीतरी बघायचं. छप्पन्न साली आमच्या घरानं धम्म घेतला आणि आजोबांनी ते ताट घेऊन जाणं बंद केलं. बाबा तेव्हा पोरसवदा होते. पुढे आयुष्यभर त्यांचा एक नियम राहिला. बोलावल्याशिवाय कुणाच्या लग्नाला जायचं नाही, आणि गेलं तरी पंगतीत जागा दाखवल्याशिवाय बसायचं नाही.

"जा," ते म्हणाले. "बघ आन् मला सांग कसं आसतंय ते."

म्हणजे माझ्या बाजूनं हा मामला खाण्यापिण्याचा राहिलाच नव्हता. मला बाबांना एक गोष्ट सांगायची होती, आणि ती खरी व्हायला हवी होती.

प्रदर्शनाला जायचं ठरल्यावर कोल्हापुरातले आणखी मालक तयार झाले. दादासाहेब आणि विलासराव धरून नऊ मालक, आणि दहावा मी. सगळ्यांची तिकिटं दादासाहेबांच्या कार्डावर काढायची, बाकीच्यांनी त्यांना रोख द्यायचे, म्हणजे पॉइंट एका ठिकाणी साठतील, ही युक्ती माझीच. माझं तिकीट सोबत्याच्या सवलतीतून निघालं. बँकेच्या कागदावर मी दादासाहेबांचा सोबती होतो. तसं नाव छापलेलं होतं.

उजळाईवाडीच्या आमच्या विमानतळावर तेव्हा विमानापेक्षा म्हशी जास्त दिसायच्या. आम्ही दोन गाड्या करून मुंबईला गेलो आणि तिथून आखातात. पुढचं जर्मनीचं विमान दुपारी होतं. सकाळचा सगळा वेळ त्या आखातातल्या विमानतळावर काढायचा होता. लाउंज तिथंच होतं.

हातातल्या सामानाचं सांगायला हवं. दोन बॅगांत आमच्या कास्टिंगचे नमुने होते. कास्टिंग म्हणजे ओतीव भाग, चांगलेच जड. उरलेल्या पिशव्यांत खाणं होतं. कोल्हापूरचा माणूस परदेशी निघाला की आधी ठेचा बांधतो, पासपोर्ट नंतर शोधतो. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, लाडू, चिवडा. माझ्या पिशवीत आईनं दिलेल्या दशम्या होत्या.

लाउंजच्या दाराशी आम्ही दहाही जण पोचलो. दार काचेचं, मोठं, आपोआप सरकणारं. आत एका टेबलामागे एक मुलगी बसलेली. दादासाहेबांनी पाकिटातून कार्ड काढून हातात धरलं. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. ते आत एक पाऊल टाकून वळले.

"कांबळे, सामान हितंच ऱ्हाऊ द्या. तुमी जरा लक्ष ठेवा."

मला वाटलं त्यांना सोय माहीत नाही. मी त्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, आत सामान ठेवायला फडताळ आहे, खुशाल आणा. मी ते दादासाहेबांना मराठीत सांगितलं.

"नको, नको. परमुलूख हाय. आपलं माणूस जवळ असल्यालं बरं. मी पाठवतो की कुणाला तरी मागनं, मग तुमी जेवून घ्या."

मागून एका मालकानं विचारलं, "सगळी आली का?"

"आली, आली. चला."

दार सरकलं आणि मिटलं. मी बाहेर, पायाशी दहा माणसांच्या पिशव्या.

एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगतो. एकट्यानं आत जाऊन खायचं आणि बरोबरची मंडळी बाहेर, हे दादासाहेबांना जमलंच नसतं. पंगतीला एकटं बसायचं नाही हे त्यांच्या हाडात होतं. नियमात एकच पाहुणा बसतो हे मी त्यांना सांगितलं होतं, पण आठ माणसं समोर उभी असताना त्यातला एक निवडून आत न्यायचा आणि सातांना मागं ठेवायचं, असं कोल्हापुरात कुणी करत नाही. त्यांनी आठांना आत नेलं. आठांत मी नव्हतो, आणि त्यात काही चुकतंय असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. माझा राग तिथं आहे. मनात येऊन त्यांनी तसं केलं असतं तर मी निदान भांडलो असतो.

काचेतून मला टेबल दिसत होतं. मुलीनं कार्ड घेतलं आणि बराच वेळ काहीतरी सांगितलं. दादासाहेबांनी विलासरावांकडे बघितलं. विलासरावांनी हात उडवला. मग मुलीनं एक कागद पुढे केला, दादासाहेबांनी सही केली. मग दुसरा. मग तिसरा. ते सह्या करत राहिले.

चौथ्या सहीला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माणशी पैसे लागत होते आणि त्यांना वाटत होतं, ही आत जायची हजेरी आहे.

मी पिशव्या भिंतीशी सरकवल्या आणि दाराकडे गेलो. तोवर सह्या आटोपून मंडळी आत बसली होती. दार सरकलं. मुलीनं विचारलं, "आपण त्यांच्यापैकीच का?" मी म्हणालो, मला त्या गृहस्थांना फक्त एक गोष्ट सांगायचीय. पावत्या अजून तिच्यापुढेच होत्या. सांगितलं असतं तर कदाचित रद्दही झाल्या असत्या.

दादासाहेब दाराकडे तोंड करून बसले होते. त्यांच्या हातात ताट होतं. त्यांनी मला बघितलं आणि मोकळा हात वर केला. तळवा माझ्याकडे. तिथंच थांबा. मग त्याच हातानं बाहेरच्या पिशव्यांकडे बोट दाखवलं. शेजारी बसलेला मालक काहीतरी बोलला आणि हसला. तो मलाच हसला असं मी म्हणत नाही. पण हसला.

मुलगी ओशाळली. "सॉरी सर," म्हणाली. बिचारीची काही चूक नव्हती.

मला तिथून ओरडून सांगता आलं असतं. मी ओरडलो नाही आणि त्याची मला आजही खंत नाही. मागे येऊन पिशव्यांजवळ बसलो.  सगळा विमानतळ माझ्याकडे बघतोय असं वाटत होतं, आणि खरं तर कुणीच बघत नव्हतं.

बऱ्याच वेळानं विलासराव बाहेर आले. मी उठलो. माझी पाळी आली असं मला वाटलं. माणूस किती आशाळभूत असतो बघा, एवढं झाल्यावरही मी उठलो.

"आतलं समदं मिळमिळीत हाय," ते म्हणाले. "ठेचा कुठल्या पिशवीत हाय?"

मी पिशवी दाखवली. ते डबा शोधायला लागले.

"विलासराव, एकच पाहुणा मोफत आहे. बाकीच्यांचे डॉलर लागतायत. साहेबांना सांगा."

"अवो, समदं कार्डावर हाय. तुमी कशाला काळजी करतासा?"

ठेच्याचा डबा घेऊन ते आत गेले. दार त्यांच्यासाठी सरकलं. बाहेरचं खाणं चालत नाही अशी पाटी दारावर होती, पण ठेच्याला कुणी अडवलं नाही.

नंतर कुणी आलं नाही. मी आईच्या दशम्या काढल्या आणि खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या. काचेपलीकडे मंडळी टेकून बसली होती, एकदोघांनी बूट काढून पाय वर घेतले होते. विमानाची वेळ झाली तेव्हा सगळे बाहेर आले. दादासाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "जेवलासा न्हवं?"

"जेवलो," मी म्हणालो.

प्रदर्शन चांगलं झालं. ज्या गिऱ्हाइकाशी माझा पत्रव्यवहार होता त्यानं नमुने हातात घेऊन बघितले, माझ्याशी तासभर बोलला आणि पहिली छोटी ऑर्डर दिली. दादासाहेब खूश. परत आल्यावर बाबांनी विचारलं, कसं होतं. मी म्हणालो, चांगलं होतं सगळं. बाबा थोडा वेळ थांबले, मी पुढे काही बोललो नाही.

आणि मग महिन्याभरानं हे बिल आलं.

"तुमीच निवडलासा न्हवं?" दादासाहेबांनी पुन्हा विचारलं.

"निवडलं मी. एक पाहुणा मोफत, पुढच्यांना पैसे, हे याच टेबलावर तुम्हाला सांगितलं होतं."

"त्ये म्या ध्यानात ठिवायचं व्हय? मग तुमाला कशापायी ठेवलंय?"

विलासरावांनी खिडकी सोडली. त्यांना एक तोड सुचली होती. "भावजी, असं करू या. ब्यांकंला पत्र घालू. आमच्या मानसानं आमास्नी चुकीची माहिती दिली, आमास्नी म्हाईत न्हवतं, पैसं परत द्या. ब्यांक देती परत. कांबळे लिवत्याल की झकास."

दादासाहेब माझ्याकडे बघायला लागले. "लिवा."

मला माझाच गुन्हा माझ्याच चांगल्या इंग्रजीत लिहून द्यायचा होता.

"नाही लिहिणार," मी म्हणालो. दादासाहेबांना नाही म्हणायची माझी ती पहिली वेळ.  "चुकीची माहिती मी दिलेली नाही."

"मग कुणी दिली?"

"सगळं कार्डावर आहे, असं विलासराव म्हणाले. मला तसंच सांगितलं त्यांनी. ठेचा न्यायला बाहेर आले तेव्हा. पैसे लागतायत, साहेबांना सांगा, असं मी त्यांना म्हटलं होतं."

विलासराव पुन्हा खिडकीबाहेर. ट्रक तोवर निघून गेला होता.

दादासाहेबांचा आवाज चढला. बाहेर ऑफिसात टाइपिंग थांबलेलं मला कळलं. "त्यास्नी कशाला सांगत बसलासा? मला सांगायचं! तवाच्या तवा आत येऊन मला सांगायचं न्हवतं व्हय?"

"आलो होतो."

"कवा?"

"तुम्ही जेवत होता तेव्हा. दारात आलो होतो. तुम्ही हात केला."

"म्या?"

"ताट होतं तुमच्या हातात. दुसऱ्या हातानं थांबा म्हणालात. मग पिशव्यांकडे बोट दाखवलंत."

त्यांना आठवलं. आठवताना मला दिसलं. चेहऱ्यावरचा राग होता तिथंच राहिला आणि त्याच्याखालून काहीतरी सरकून गेलं.

"मला वाटलं तुमी..." ते म्हणाले आणि थांबले.

ते वाक्य पुरं झालं नाही. त्यांना वाटलं होतं, मी जेवायला आलोय. आणि जेवायला आलेल्या मला त्यांनी हातानं थांबवलं होतं. एवढंच. केबिनमध्ये तिघांनाही ते कळलं. आत जाऊ न दिलेल्या माणसालाच नेमका नियम माहीत होता, म्हणून ते सात पाहुण्यांचे डॉलर पडले होते.

"जावा," दादासाहेब शेवटी म्हणाले. "काम बघा."

बिल त्यांनी भरलं. पैशाचं त्यांना काही नव्हतं, त्याहून जास्त ते एका रात्रीत हॉटेलात मित्रांवर उडवायचे. पण त्याच आठवड्यात त्यांनी कार्ड कात्रीनं कापलं. आधी पॉइंट वापरून घ्या, कार्ड बंद केलं की पॉइंट जातात, असं मी चिठ्ठी लिहून कळवलं. त्यांनी ऐकलं नाही. नऊ तिकिटांचे साठलेले पॉइंट गेले.

दादासाहेब दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला जायचे आणि येताना ऑफिससाठी पेढे आणायचे. टेबलाटेबलाशी जाऊन स्वतः वाटायचे. त्या पौर्णिमेला माझ्या टेबलावर अख्खा पुडा शिपायाबरोबर आला. ते स्वतः आले नाहीत. ती माफी असेल तर ती तेवढीच. मी पुडा सगळ्यांत वाटून टाकला. जर्मनीच्या पहिल्या ऑर्डरचा माल बंदरात चढला आणि मी राजीनामा दिला. शाहूपुरीत एक खोली घेऊन एक्स्पोर्टच्या कागदपत्रांचं स्वतःचं काम सुरू केलं. ते आजही चालू आहे.

केबिनमधल्या त्या प्रसंगानंतरच्या रविवारी मी गावी गेलो होतो. या वेळी बाबांना खरं सांगितलं. आत गेलो नाही, बाहेर पिशव्यांजवळ बसलो, आईच्या दशम्या खाल्ल्या, दार काचेचं होतं, सगळं.

बाबांनी मान खाली घालून ऐकलं. ते रागावले नाहीत. मला वाटतं, पहिल्यांदा मी गप्प राहिलो तेव्हाच त्यांना कळलं होतं.

"काचंचं दार?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आमच्या येळंला भिताड हुतं," ते म्हणाले. "आत काय वाडत्यात, त्ये दिसायचं तरी न्हाय."

मग उठून ते गोठ्याकडे गेले. आई आत भाकरी थापत होती, तिला मी काही सांगितलं नाही.

आता माझ्याकडे एक्स्पोर्टची माणसं येतात. कागदपत्रं झाली की हळूच विचारतात, परदेशी जायला कार्ड कोणतं घ्यावं, लाउंज कशात चांगलं. मी पॉइंट सांगतो, मुदत सांगतो, डॉलरवरचा जादा आकार सांगतो. मालक आपल्या माणसाला बरोबर घेऊन आला असेल तर त्या माणसाकडे बघून आणखी एक सांगतो. कार्ड स्वतःच्या नावावर काढा. वर्षाची फी पडते, पडू द्या. कुणाचा मोफतचा पाहुणा म्हणून आत जायचा भरवसा धरू नका.

माझं माझ्या नावावर आहे. पहिल्यांदा वापरलं तेव्हा एकटाच आत गेलो, सही केली, बसलो. जेवण खरंच मिळमिळीत होतं.